जेम्सटाऊनचं मस्टर

भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी उभी नोकरी गेली. कोण कितीला आत आला, कोणाचा खाडा, कोणाची अर्धी हजेरी, कोण कंपनीच्या पटावर आणि कोण ठेकेदाराच्या, हे बघत बसायचं काम. त्यातून एक खोड लागली ती लागलीच. माणसांची कुठलीही यादी समोर आली की मी मनात आधी दोन रकाने आखतो. हातानं काम करणारे किती, आणि त्यांच्याकडून ते करून घेणारे किती. लग्नपत्रिकेतल्या 'व्यवस्थापक मंडळा'च्या बाबतीत हा हिशेब फार सोपा असतो.

मुलगा अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडला असतो. तिथून गाडीनं तासाभरावर जेम्सटाऊन, म्हणजे त्या खंडावर इंग्रजांची टिकलेली पहिली वसाहत. जायच्या आधी थोडं वाचावं म्हणून बसलो आणि १६०७ साली तिथे उतरलेल्या पहिल्या तुकडीची यादी हाती लागली. माणसं १०४, सगळे पुरुष आणि मुलगे. त्यांतली जी नावं कॅप्टन जॉन स्मिथनं नोंदवून ठेवली, त्यांचे मी सवयीनं रकाने पाडले. सुतार चार. गवंडी दोन, पाथरवट एक, लोहार एक, न्हावी एक, शिंपी एक, ढोल वाजवणारा एक. मजूर बारा. आणि यादीच्या निम्म्याच्या आसपास 'जेंटलमन'.

जेंटलमन म्हणजे त्या काळच्या इंग्लंडात ज्याला पोटासाठी हात चालवावे लागत नाहीत तो. जमिनीचा खंड यायचा, त्यावर घर चालायचं. पण जमीन सगळी थोरल्याला. धाकट्यांना घराण्याचं नाव, तलवार चालवायचं शिक्षण आणि रिकामे खिसे. जंगल तोडून, तट उभारून, शेत पेरून जिथे पहिला हिवाळा काढायचा होता, तिथे असे धाकटे पन्नासभर आणि कुऱ्हाड धरणारे हात दोन डझनसुद्धा नाहीत. आमच्या कारखान्यात असं मनुष्यबळ मागवणाऱ्या साहेबाला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं असतं.

अर्थात मागवणाऱ्यांचा हिशेब वेगळा होता. ही वसाहत राजानं नव्हे, एका कंपनीनं काढली. व्हर्जिनिया कंपनी ऑफ लंडन. १६०६ साली पहिल्या जेम्सनं सनद दिली आणि पुढे साडेबारा पौंडाला एक असे शेअर विकले गेले. कंपनीचा कारभार पाहणारा सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. लंडनमधला हा एकच शेठ एका हातानं सुरतेच्या वाटेवर जहाजं सोडत होता आणि दुसऱ्या हातानं व्हर्जिनियाकडे. दोन्हीकडे भागधारकांना परतावा हवा होता. सोनं मिळालं तर उत्तम. म्हणून १६०८च्या जानेवारीत जी पहिली कुमक आली तिच्यात सोनार होते, धातू गाळणारे होते, जवाहिरे होते, एक अत्तरवालासुद्धा होता. त्या वसंतात सगळे नदीकाठची चकाकणारी माती खणत, धूत आणि जहाजात भरत बसले. ती लंडनला पोचली तेव्हा मातीच निघाली.

सरकारचा प्रकारही मजेशीर होता. कारभारी मंडळात कोण, हे कंपनीनं एका सीलबंद पेटीत लिहून दिलं होतं आणि पेटी तिकडे पोचल्यावर उघडायची होती. चार महिने समुद्रावर हुकूम चालला तो कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्टचा, पण उतरल्यावर कोणी कोणाचं ऐकायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पेटी उघडली तर सात नावांत जॉन स्मिथचं नाव. तो तेव्हा बंडखोरीच्या आरोपावरून अटकेत होता! हा लिंकनशरमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, परदेशी लढायांत तयार झालेला शिपाईगडी. बड्या घरच्यांना तो आपल्या पंक्तीत नको होता. महिनाभर त्याला मंडळात बसू दिलं नाही.

अध्यक्ष झाला एडवर्ड मारिया विंगफील्ड, खानदानी माणूस. सप्टेंबर उजाडेपर्यंत नदीचं मचूळ पाणी पिऊन आणि उपासमारीनं निम्मी माणसं मेली होती. जॉर्ज पर्सी नावाच्या सरदारपुत्रानं लिहून ठेवलंय की पाच माणसांत दिवसाला पाण्यात उकडलेल्या जवाचं एक लहान भांडं मिळायचं. विंगफील्डला पदावरून काढलं तेव्हा त्याच्यावरच्या आरोपांत एक असा की त्यानं दुसऱ्या एका सभासदाला एक पेनीचा चाकू, एक कोंबडी आणि चमचाभर बिअर नाकारली. बाहेर रोज माणसं पुरली जात होती आणि मंडळापुढे चमचाभर बिअरचा खटला. मला हसू आलं नाही. स्टाफ कॅन्टीन आणि वर्कर्स कॅन्टीन अशी दोन दारं असलेल्या जागी मी अनेक वर्षं जेवलोय. भांडणं कुठल्या दारामागे आणि कशावरून होतात, हे मला ठाऊक आहे.

पुढे १६०८च्या सप्टेंबरात स्मिथ अध्यक्ष झाला. त्याचा नियम प्रसिद्ध आहे: काम नाही तर जेवण नाही. तीस-चाळीस कष्टाळू माणसांच्या घामावर दीडशे ऐतखाऊ पोसले जाणार नाहीत, असं त्यानं बजावलं. जेंटलमन लोकांना त्यानं लाकडं तोडायला जंगलात नेलं. नाजूक बोटांना कुऱ्हाडीनं फोड आले, आणि दर तिसऱ्या घावाला एकेक करकरीत शिवी. मग स्मिथनं शिव्या मोजायला लावल्या. रात्री जितक्या शिव्या तितकी भांडी थंड पाणी त्या माणसाच्या बाहीतून आत ओतायचं. आठवड्याभरात शिव्या थांबल्या म्हणे. 'म्हणे' अशासाठी की स्मिथच्या पुस्तकांचा नायक नेहमी स्मिथच असतो. पण शिव्या मोजणारा कारकून कोणीतरी असणारच. त्या अनाम माणसाबद्दल मला बंधुभाव वाटतो.

शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट आळशी बड्यांना धडा शिकवल्याची म्हणून येते. मला ती इतकी सरळ वाटत नाही. त्या भागातल्या जुन्या झाडांच्या खोडांतली वर्तुळं तपासून संशोधकांनी दाखवलं आहे की १६०६ ते १६१२ या काळात तिथे सुमारे पावणेआठशे वर्षांतला सर्वांत भीषण दुष्काळ पडला होता. म्हणजे आजूबाजूच्या पावहाटन मूलनिवासींकडेही पुरेसा मका नव्हता, आणि इंग्रज मात्र त्यांच्याकडून तो मागत होते, नाही दिला तर हिसकावत होते. शिवाय पिकलेलं, कमावलेलं सगळं कंपनीच्या सामायिक कोठारात जाणार आणि सात वर्षांनी वाटणी होणार. सहाव्या महिन्यात मरणाऱ्यानं सात वर्षांच्या वाटणीसाठी का खपावं? पुढे कामाच्या वेळा ठरल्या: सकाळी सहा ते दहा, दुपारी दोन ते चार. दिवसाला सहा तास. यावरून त्या लोकांना कामचोर म्हणणारे पुष्कळ आहेत. अर्धपोटी माणूस उन्हात सहा तासांवर काय करणार, हे त्यांनी कुठल्याही शॉपफ्लोअरवर येऊन विचारावं.

आणि एक गंमत. इंग्रजांच्या मते आळशी होते ते पावहाटन पुरुष. कारण तिथे शेती बायका करत आणि पुरुष शिकार आणि मासेमारी. इंग्लंडात शिकार हा उमरावांचा शौक, त्यामुळे शिकारीला जाणारा पुरुष म्हणजे मजा मारणारा, असा यांचा समज. जंगलातून हरणाचं मांस आणणं हेही काम असू शकतं, हे कुऱ्हाडीला शिव्या घालणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही.

१६०९च्या हिवाळ्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो. लोकांनी खाल्लं काय, तर घोडे, कुत्री, उंदीर, बुटांचं कातडं. वसंतात जेम्सटाऊनमध्ये साठेक माणसं उरली. तिथल्या उत्खननात सापडलेली चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी आज संग्रहालयात ठेवली आहे. तिच्यावर धारदार हत्याराचे घाव आहेत, मेल्यानंतर केलेले, मांस काढण्यासाठी. संशोधकांनी २०१३ साली हे जाहीर केलं आणि तिला 'जेन' नाव दिलं. खरं नाव कुठल्याच यादीत लावता आलेलं नाही.

त्यानंतर कंपनीनं लष्करी कायदा आणला. १६११ साली सर थॉमस डेल आला तेव्हा लोक रस्त्यात गोळे घरंगळवायचा खेळ खेळताना त्याला दिसले. त्यानं ढोलाच्या तालावर हजेरी बसवली. बागेतलं कणीस चोरलं तर मृत्युदंड. परवानगीशिवाय कोंबडी मारली तरी मृत्युदंडच. विहिरीपासून वीस फुटांच्या आत भांडं विसळायचं नाही, हाही नियम त्याच कायद्यात, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. अनेक मजूर जीव मुठीत धरून पावहाटनांच्या गावांकडे पळाले. गोऱ्या साहेबापेक्षा 'रानटी' बरे, असं पोटानं ठरवलं. पकडून आणलेल्यांना डेलनं काय केलं ते पर्सीनं लिहिलंय: काहींना फाशी, काहींना जाळलं, काहींची हाडं चाकावर मोडली, आणि कोठारात चोरी करणाऱ्यांना झाडाला बांधून उपाशी मारलं. हाच डेल पुढे ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन आपल्या बाजूला आला आणि १६१९च्या ऑगस्टमध्ये मच्छलीपट्टणला आजारानं मेला. शेठ एक, तसे व्यवस्थापकही बदलीवर इकडून तिकडे.

पण जाण्याआधी त्याच डेलनं १६१४च्या सुमारास एक वेगळी गोष्ट करून पाहिली. जुन्या वसाहतकऱ्यांना प्रत्येकी तीन एकर जमीन स्वतः कसायला दिली. आधी तीस जण मिळून पिकवायचे नाहीत तेवढा मका तिघे पिकवू लागले, असं तेव्हाच्या सेक्रेटरीनं नोंदवलं आहे. फाशीनं जे झालं नाही ते बांधानं झालं. इथे गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं.

तंबाखूनं ती संपू दिली नाही. जॉन रॉल्फनं वेस्ट इंडीजच्या बियाण्याचा गोडसर तंबाखू लावला, तो लंडनला खपू लागला, आणि वसाहतीला अखेर नफा दिसला. तंबाखूला जमीन भरपूर लागते, ती तिथे होती (म्हणजे दुसऱ्यांची होती). हात मात्र खूप लागतात, ते नव्हते. मग कंपनीनं १६१८ साली जी योजना काढली तिच्यातली चलाखी मला मान्यच करावी लागते. जो कोणी स्वतःच्या खर्चानं एक माणूस इंग्लंडहून आणील त्याला त्या माणसामागे पन्नास एकर जमीन. आणलेल्या माणसाला नव्हे, आणणाऱ्याला. जहाजाचं भाडं सहा पौंडांच्या आसपास. ज्याच्याकडे ते नाही त्यानं करारावर अंगठा उठवायचा आणि चार ते सात वर्षं मालकाकडे राबून फेडायचे. मधल्या काळात मालक तो करार दुसऱ्याला विकूही शकतो.

बीड-आष्टीकडच्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. मुकादमाकडून उचल घेतली की कोयत्याची जोडी त्या हंगामापुरती त्याची, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाचीही. फरक एवढाच की तिथे हंगाम सात वर्षांचा होता आणि फिटायच्या आधी माणूस मरायचा. तो मेला तरी पन्नास एकर मालकाच्या नावावर राहायचे.

असाच एक पोरगा रिचर्ड फ्रेथॉर्न. १६२३ साली त्यानं आईबापांना लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. खायला वाटाणे आणि पाण्यासारखी पेज, त्याखेरीज काही नाही. घरी एका दिवसात खायचो तेवढं इथे आठवड्याला मिळत नाही. अंगावर दोन चिंध्या, झगा होता तो सोबत्यानंच चोरला. मला सोडवा, नाहीतर निदान खायचं पाठवा, ते विकून मी पैसे फेडीन. चीज पाठवलंत तर चांगलं जुनं पाठवा, आणि पिंपात भरताना प्रत्येक चीजच्या मध्ये लाकडाच्या ढलप्या घाला, नाहीतर जहाजाच्या पोटातल्या उष्म्यानं नासेल. ज्याला घास मिळत नाही तो ढलप्यांचा हिशेब सांगतोय. मला त्या रडण्यापेक्षा या ढलप्या जास्त लागल्या.

जेम्सटाऊनला गेलो तेव्हा आम्ही तिथल्या चर्चमध्ये बराच वेळ थांबलो. सध्याची इमारत विसाव्या शतकातली, पण तिच्याखाली १६१७च्या लाकडी चर्चच्या पायाचे गोटे आहेत. तिथे ३० जुलै १६१९ला उत्तर अमेरिकेतली इंग्रजांची पहिली लोकप्रतिनिधींची सभा भरली. गव्हर्नर जॉर्ज यिअर्डली, त्याचं मंडळ आणि वस्त्यांनी निवडून पाठवलेले बावीस प्रतिनिधी. सहा दिवस चालली. उकाडा इतका की एक प्रतिनिधी मधेच मेला. मार्गदर्शक बाई भारावून सांगत होत्या की लोकशाहीचा जन्म इथला. सून म्हणाली, "बाबा, फोटो काढू का तुमचा इथे?" काढला. पण माझ्या डोक्यात त्या सभेचं कामकाज घोळत होतं, जे आदल्या रात्री वाचलं होतं.

सभेनं तंबाखूचा भाव ठरवला. उत्तम प्रतीला पौंडामागे तीन शिलिंग, दुय्यमला अठरा पेन्स. आळशीपणाविरुद्ध कायदा केला: कोणी स्वतंत्र माणूस जरी रिकामटेकडा आढळला तरी वस्तीनं त्याला एक मालक नेमून द्यायचा, आणि सुधारल्याची चिन्हं दिसेपर्यंत त्यानं तिथे मजुरी करायची. चर्चमधली वर्गणी माणसाच्या कपड्यांवरून ठरवायची, लग्न झालेलं असेल तर बायकोचेही कपडे धरायचे. आणि एक फिर्याद ऐकली. कॅप्टन विल्यम पॉवेल यांची, त्यांच्या नोकराविरुद्ध. टॉमस गार्नेट, कामचुकार, उद्धट, मालकावर खोटे आरोप करणारा. शिक्षा: चार दिवस खोड्यात उभा, दोन्ही कान फळीला खिळ्यांनी ठोकलेले, आणि रोज चारचौघांत फटके. कॅप्टन पॉवेल स्वतः त्या सभेत जेम्सटाऊनचे प्रतिनिधी होते. गार्नेटनं मालकावर नेमके काय आरोप केले होते ते कोणी तपासलेलं दिसत नाही. इतकी वर्षं मी चौकशीचे कागद पाहिले, पण फिर्यादी, न्यायाधीश आणि आमदार एकच माणूस, हे कंपनीच्या चौकशीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एक चांगला ठराव झाला तो लंडनला. डांबर आणि पोटॅश करायला आणलेल्या पोलिश कारागिरांना मताचा हक्क नव्हता. जुलै १६१९ मध्ये कंपनीनं तो मान्य केला, आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर मरू नये म्हणून काही तरुण त्यांच्या हाताखाली शिकायला ठेवायचे, असंही त्याच बैठकीत ठरवलं. हुनर अंगात असला, तो दुसऱ्या कोणाच्या अंगात नसला, की सरकार ऐकतं.

सभा उठून महिनाही झाला नव्हता तेव्हा, ऑगस्टच्या अखेरीस, पॉइंट कम्फर्टला 'व्हाइट लायन' नावाचं लुटारू जहाज लागलं. पोर्तुगीज जहाजावरून पळवलेले अंगोलातले 'वीस आणि काही' निग्रो त्यानं अन्नधान्याच्या बदल्यात दिले, असं रॉल्फनं कळवलं. त्यांनी कुठल्याच करारावर अंगठा दिला नव्हता, त्यामुळे मुदत संपण्याचा प्रश्न कसा सोडवायचा हे वसाहतीनं पुढे हळूहळू ठरवलं.

आणि आता मस्टर. १६२५च्या सुरुवातीला राजाच्या माणसांनी (वसाहत तोवर कंपनीकडून राजाकडे गेली होती) व्हर्जिनियातल्या घराघरांची खरोखरच मस्टर घेतली, आणि तिला म्हणतातही मस्टरच. सुमारे बाराशे माणसं. प्रत्येक घरामागे धान्य किती, बंदुका किती, नोकर किती, नोकराचं वय काय, कुठल्या जहाजानं कधी आला. इतकी नेटकी नोंद मी आमच्याकडे संगणक आल्यावरही पाहिली नाही. तीत २३ आफ्रिकी आहेत. त्यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी आडनाव नाही, वय नाही. जेम्सटाऊनमध्ये कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरात एक ओळ: अँजेलो, निग्रो बाई, 'ट्रेझरर' जहाजानं. त्या घराच्या जागी आता उत्खनन झालं आहे. पिअर्स बाईंची बाग तीन-चार एकरांची, आणि एका वर्षात जवळजवळ शंभर बुशेल (धान्य-फळं मोजायचं इंग्रजी माप) उत्तम अंजीर निघाले, असं त्या पुढे इंग्लंडला गेल्यावर कौतुकानं सांगत. ते अंजीर कोणी तोडले हे लिहिलेलं नाही, पण टाइम ऑफिसातल्या माणसाला ते विचारावंच लागतं.

१६४० साली तीन नोकर एकदम पळाले. एक डच, एक स्कॉटिश, तिसरा जॉन पंच, आफ्रिकी. तिघेही एकाच मालकाचे, गुन्हा एकच, पकडले एकत्र. न्यायालयानं पहिल्या दोघांची मुदत चार वर्षांनी वाढवली. पंचला मालकाची चाकरी जन्मभर.

मुदती संपवून सुटलेल्या गोऱ्यांचं तरी बरं चाललं होतं का? चांगली जमीन बड्यांनी धरलेली. १६७० साली तर बिनजमिनीच्यांचा मताचा हक्कच काढला. १६७६ साली नॅथॅनियल बेकननं बंड केलं. तो स्वतः केंब्रिजला शिकलेला जेंटलमन, आणि त्याची मुख्य मागणी होती ती सरसकट सगळ्या मूलनिवासींशी लढाई करू देण्याची, हे त्याला गरिबांचा कैवारी ठरवणारे सोयीनं विसरतात. पण त्याच्यामागे जे जमले त्यांत सुटलेले गोरे नोकर, न सुटलेले गोरे नोकर आणि काळे गुलाम एका फळीत होते. त्यांनी जेम्सटाऊन जाळलं. बेकन हगवणीनं मेला, बंड मोडलं, तेवीस जण फासावर गेले. शेवटच्या एका टोळीतले ८० काळे आणि २० गोरे हत्यार टाकायला तयार नव्हते, त्यांना फसवून होडीत घातलं.

ऐंशी आणि वीस एका होडीत, हे पाहून मळ्यांचे मालक काय समजायचं ते समजले असावेत. इंग्लंडहून येणारे नोकर त्याच सुमारास कमी होऊ लागले होते आणि आफ्रिकेतून माणसं आणणारी जहाजं वाढत होती, हेही खरं. गुलामीला बांधून टाकणारे सुटे सुटे कायदे १६६२पासूनच होत होते. १७०५ साली ते सगळे एका ठिकाणी बांधले. त्यात मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला मालकानं काय द्यायचं हे ठरवून दिलं आहे: दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि किमान वीस शिलिंगांची एक बंदूक. न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय ख्रिस्ती गोऱ्या नोकराला उघडं करून फटके मारायचे नाहीत, हेही त्यातच. आणि गुलामाच्या मालकीचं म्हणून खूण केलेलं कोणतंही घोडं, गाय किंवा डुक्कर चर्चच्या पंचांनी जप्त करून विकायचं, आणि येईल तो पैसा त्या गावातल्या गोरगरिबांना वाटायचा.